एका बाईला दोन रेचे

आमच्या घरात दोन सरकारी नोकऱ्या होत्या असं मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की कोणी तलाठी असेल, कोणी मास्तर असेल. त्या नोकऱ्या माझ्या सासूची एक आणि माझी एक अशा होत्या, आणि अकोल्याच्या वेशीबाहेर, कापसाच्या जिनात, रेच्यापुढं उभं राहून करायच्या होत्या. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. चामड्याचा रूळ गरगर फिरतो, त्याला लागून पोलादी पातं असतं, आणि बाईनं मूठमूठ कापूस त्या रुळाला चारत राहायचं. रुई पुढं निघते, सरकी खाली पडते. लांबच लांब शेडमध्ये रेच्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक रेच्यापुढं एक बाई उभी असे.

अकोल्यात शेठ लोकांची जिनं पुष्कळ होती. आमचं मात्र शेतकी खात्याचं होतं. खात्याला सुधारलेल्या कपाशीचं बियाणं शेतकऱ्यांना द्यायचं असे, आणि कपाशीचं बियाणं म्हणजे सरकीच. एका वाणाची सरकी दुसऱ्यात मिसळली की सगळंच मुसळ केरात. म्हणून एका वाणाचा कापूस संपला की पट्टे थांबत, आणि आम्ही बाया रेच्याखाली वाकून, फटीफटीत बोटं घालून अडकलेली सरकी वेचून काढत असू. याला झाडणी म्हणत. झाडणी झाल्याशिवाय दुसरा वाण लागत नसे, आणि एका बाईनं एकाच रेच्याकडं लक्ष द्यायचं, हा खात्याचा नियम होता. शेठच्या जिनातल्या बाया आम्हाला हसत. "तुमचं सरकार सरक्या वेचाचा पगार देते का वं?" असं विचारत. हसोत बापड्या. महिन्याच्या महिन्याला पगार कोणाच्या घरी येतो, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी सरकारचे गोडवे गाणार नाही. शेडमध्ये रुईची धूळ अशी उडे की संध्याकाळी आमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत आणि खोकला तर बाराही महिने सोबतीला. साहेब लोक पाहणीला येत ते नाकाला रुमाल लावून दारातूनच परत जात. कपाशीच्या जातीची एवढी काळजी घेणाऱ्या त्या जिनात आधी पाण्याचे रांजणही दोन होते, आणि दुसरा कोणासाठी होता ते मराठी माणसाला सांगायला नको. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या वस्तीतल्या बायांनी ठरवून पहिल्या रांजणातलं पाणी घेतलं. मुकादम बघत राहिला. काही झालं नाही. हे माझ्या लग्नाआधीचं, पण सासूनं मला इतक्या वेळा सांगितलं की मला वाटतं मीही तिथं होते. शेठच्या जिनात असं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या घरी बसल्या असत्या. सरकारी नोकरी म्हणजे काय, ते मला त्या रांजणावरून समजलं.

दीक्षेनंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी अकोल्यात आले. सासूला मी आत्या म्हणे, आमच्याकडं तसंच म्हणतात. उंच, हाडापेरानं मजबूत आणि जिभेची तिखट बाई. सासरे फार आधी गेलेले. माझे मालक सडकेच्या कामावर असत. आज परतवाड्याच्या बाजूला तर उद्या चिखलदऱ्याच्या घाटात. ते काम कधी असे, कधी नसे. घर चालायचं ते आत्याच्या पगारावर, आणि तिनं साहेबाच्या मागं लागून मला चिकटवल्यावर दोघींच्या. हंगाम दसऱ्याच्या पुढं सुरू होई तो होळीपर्यंत. पण आम्ही कायम होतो. म्हणजे दर हंगामाला आपला रेचा आपला, कोणाच्या पाया पडायची गरज नाही. वस्तीत आमच्या घराला मान होता. आत्या कोणाशी भांडताना सुद्धा आधी सांगे, "मी सरकारी बाई हाओ, मायासंगं जरा सांभाळून बोलजो."

पहिल्या आठवड्यात तिनं मला जे शिकवलं ते कापूस चारणं नव्हतं. "कापूस चारनं कोनीबी शिकते," ती म्हणाली. "हात देनं शिक."

शेडमध्ये आवाज एवढा की कानाशी ओरडलं तरच ऐकू येई. म्हणून बोलणं खुणांचं. कोणाचं तान्हं रडत असल्याचा निरोप पलीकडच्या पाळणाघरातून येई, कोणाला खोकल्याची उबळ येई, कोणाला पोटात कळ येई. तिनं शेजारणीच्या दिशेनं पदराचं टोक झटकायचं. पदर झटकला की शेजारणीनं एक पाऊल सरकायचं आणि एका हातानं आपला, एका हातानं तिचा रेचा चारायचा, ती परत येईपर्यंत. याला हात देणं म्हणत. नियमात बसत नव्हतं, पण मुकादम बघून न बघितल्यासारखं करी. रेचा रिकामा फिरला की पातं तापे आणि रूळ जळे, त्यापेक्षा हे बरं. दिलेल्या हाताचा हिशेब ठेवायचा नसे आणि उपकार मानायचे नसत. उपकार मानणारीला बाया हसत.

रांगेत माझ्या एका बाजूला आत्या होती. दुसऱ्या बाजूला एक कुणबीण बाई, माझ्याहून थोडी मोठी. दिरांमध्ये वाटण्या होऊन जमिनीचा तुकडा उरला, तेव्हा ती नवऱ्याबरोबर अकोल्याला आलेली. पहिल्या वर्षी तिनं आपल्या भाकरीवर माझी सावली पडू दिली नाही. जेवायला बसताना गाठोडं उचलून लांब जाई. एके दिवशी तिच्या पोराचं रडणं थांबत नाही असा निरोप आला, तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि शेवटी माझ्याच बाजूला पदर झटकला. मी सरकले. त्या दिवशी दुपारी ती गाठोडं घेऊन लांब गेली नाही. चार दिवसांनी माझ्या भाकरीवर तिचा ठेचा आला. आत्या म्हणाली, "पाह्य, आता सोवळं मिरची झोंबली का पयते." तिघींची मैत्री झाली ती अशी.

मग जीन विकायचं ठरलं.

महाराष्ट्र झाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात अमरावतीहून मोठे साहेब आले. आम्हाला सगळ्यांना अंगणात बसवलं. साहेबांनी सांगितलं की खात्याला आता जीन चालवणं परवडत नाही, बियाण्याची दुसरी सोय होते आहे, आणि हे जीन एका शेठनं घेतलं आहे. "पण तुम्ही घाबरू नका," ते म्हणाले. "शेठनी शब्द दिला आहे. कोणालाही काढणार नाहीत. पहिला एक हंगाम काम पाहतील आणि मग सगळ्यांना कायम करतील." आम्ही कायमच होतो, मग पुन्हा कायम कशाला करायचं, असं आत्यानं उठून विचारलं. साहेब हसले. म्हणाले, बाई, ते सरकारात कायम होतात, आता शेठकडं व्हाल. बोलायला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांची गाडी गेली आणि आम्ही अंगणात तशाच बसून राहिलो.

शेठ आम्हाला कधी दिसला नाही. त्याचा मॅनेजर दिसला. जठारपेठेत बिऱ्हाड केलेला, पांढरा शर्ट, मऊ बोलणं, बाईमाणसाशी अदबीनं वागणारा. तो ओरडत नसे. आल्या आल्या त्यानं दोन गोष्टी केल्या. पाळणाघर बंद करून तिथं तेलाची पिंपं ठेवली, आणि झाडणी बंद केली. आता सरकी सगळी एका ढिगात पडे आणि तेलाच्या घाण्यांना जाई. खरं सांगते, झाडणी गेली म्हणून आम्हाला बरंच वाटलं. गुडघे वाचले. झाडणीबरोबर एका बाईला एकच रेचा कशासाठी, याचं कारणही झाडून गेलं, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिला महिना गेला आणि बाया जायला लागल्या. एक लग्नाला गेली, परत आली तर रेचा दुसऱ्या कोणाला दिलेला. एक तापानं झोपली, तिलाही तेच. मॅनेजर रोज सकाळी एकदा आणि दुपारी एकदा रांगेतून फिरे. त्याला बंद रेचा दिसला की तो मुकादमाकडं पाही, आणि संध्याकाळी त्या बाईला सांगितलं जाई की उद्यापासून येऊ नको. तेवढंच. कारण नाही, आवाज नाही.

आणि मी पोटुशी होते. दिवस माघात भरत होते, ऐन हंगामात. खात्याचं राज्य असतं तर बाळंतपणाची रजा मिळाली असती; आमच्या रांगेतल्या किती जणींना मिळाली होती. आता रजा मागणं म्हणजे आपल्या हातानं आपलं नाव पुसणं. मला रात्रंदिवस एकच भीती, की पोर येईल आणि नोकरी जाईल. पहिलटकरणीला बाळाची ओढ असते म्हणतात. मला त्याचा रागच येत होता.

तोडगा आत्यानंच काढला. दुपारच्या भाकरीच्या वेळी तिनं मला आणि कुणबीण बाईला जवळ बसवलं.

"तो माणूस काय पायते? रेचा पायते," आत्या म्हणाली. "बाया कोन मोजते? रेचा बंद दिसला नाई का झालं. हिचा रेचा आपन बंद पडू द्याचा नाई."

"महिन्याभराचं त काम हाये," बाई म्हणाली. "थोडा येळ तुमी, थोडा येळ मी. घेऊ काढून." मग मला म्हणाली, "तू निवांत बाळंत हो वं. इकडची काळजी करू नोको."

मी आत्याला विचारलं, "दिवसभर दोन रेचे झेपतीन का तुले?"

"नाई झेपून कोनाले सांगतं?" ती म्हणाली.

जुना मुकादम अजून होता. हजेरीला माझं नाव आलं की तो खाली मान घालून पुढं जाई. मला मुलगी झाली. मी घरी खाटेवर पडून होते आणि माझा रेचा तिकडं चालू होता. संध्याकाळी आत्या येई, हात कोपरापर्यंत लाल झालेले, बोटं मिटत नसत. मी तेल लावून चोळून देई. ती म्हणे, "आज एक डाव बी थांबला नाई." हे सांगताना तिचा चेहरा असा फुललेला असे की मलाही अभिमान वाटे. आमच्यासारखंच बाकीच्यांचंही चाललं होतं. शेडमधल्या सगळ्या बायांनी हाच धडा घेतला होता. कोणाचं पोर आजारी, कोणाचा बाप गेला, कोणाला चक्कर आली; शेजारीण सरके आणि रेचा फिरत राही. पूर्वी हात देणं घटकाभराचं असे. आता दिवसच्या दिवस एकेक बाई दोन रेचे ओढत होती, आणि आपण मॅनेजरला कसं बनवतोय म्हणून आपसात हसत होती.

मॅनेजर फिरतच होता. रोज, सकाळ-दुपार. त्यानं कोणालाही विचारलं नाही की या रेच्यावरची बाई कुठं आहे. उलट तो थांबे, दोन्ही हातांनी दोन रेचे चारणाऱ्या बाईकडं बघत उभा राही आणि मान हलवी. एकदा आत्याला म्हणाला, "तुमच्यासारख्या कामसू बाया मी कुठंच पाहिल्या नाहीत." आत्यानं घरी येऊन हे मला सांगितलं. मग शेजारी सांगितलं. मग शेजारच्या शेजारी सांगितलं.

मी बाळ सव्वा महिन्याचं व्हायच्या आतच रेच्यावर परत गेले. पाळणाघर नव्हतं म्हणून मुलीला वस्तीतल्या एका म्हातारीकडं ठेवी. पान्हा दाटून चोळी भिजे, पण मी पदर झटकला नाही. आता थोडेच दिवस, मग कायम.

होळीच्या आधी कापूस संपत आला तेव्हा मॅनेजरनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्याच अंगणात, जिथं मोठ्या साहेबांनी बसवलं होतं. तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला की हंगाम फार चांगला गेला, शेठ खूश आहेत. आणि हंगामभर त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे की एका बाईला दोन रेचे सहज चालवता येतात. तेव्हा पुढच्या हंगामापासून एका बाईला दोन रेचे. निम्म्या बायांना काम राहील, निम्म्यांना नाही. "मी कोणावर अन्याय करणार नाही," तो म्हणाला. "शेजारच्या दोघी दोघींनी आपसात ठरवा, कोण राहतं ते."

बाया आपापल्या शेजारणीकडं बघू लागल्या. म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. देव सोडले तरी म्हणी काही आम्हाला सोडवल्या नाहीत. त्याला काही शोधून काढावं लागलं नव्हतं. आमच्या रेच्यांपुढं कमी बाया चालतील, हे आम्हीच त्याला महिनोन्महिने, घाम गाळून, हात सुजवून दाखवत होतो. एखादा आळशी घोळका असता तर वाचला असता. मला आजही त्या माणसाचा जितका राग येतो, तितकाच त्या मान हलवण्याचा येतो. आपण किती मूर्ख दिसलो असू त्याला.

आमची जोडी म्हणजे मी आणि आत्या. घर एकच, त्यामुळं लोकांना वाटलं आमचं सोपं. सोपं कसलं? दोन पगारांवर उभं असलेलं घर एका पगारावर येणार होतं. आत्यानं मॅनेजरला सांगितलं, माझी सून राहील, ती तरणी आहे, मी थकले. मॅनेजर म्हणाला, "तुम्हाला दोन चालवताना मी पाहिलं आहे. हिला पाहिलं नाही." मी पुढं झाले आणि म्हटलं, उद्या दाखवते. त्यानं मान हलवली नाही. म्हणाला, दाखवण्याचा हंगाम संपला. मी बाळंतीण होते तेव्हा माझा रेचा चालावा म्हणून आत्यानं दोन रेचे ओढले, आणि ती दोन ओढते म्हणून माझा रेचा तिचा झाला.

आम्ही हात बांधून बसलो नाही. पाच-सहा बाया एस.टी.नं अमरावतीला गेलो, खात्याच्या कचेरीत. मोठ्या साहेबांची बदली झालेली. कारकून म्हणाला, जीन आता आमचं नाही, शेठला विचारा. इकडं मॅनेजर म्हणाला, शब्द साहेबांनी दिला होता, साहेबांना विचारा. आम्ही म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. पुढं कोणी नेलं नाही. हंगामी बायांसाठी कोण पायतण झिजवतो?

त्या उन्हाळ्यात आत्या अगदी गप्प झाली. भांडायची सुद्धा बंद झाली, आणि तिचं भांडण बंद होणं म्हणजे घरात दुखणं असल्यासारखं. एके दिवशी गहू निवडता निवडता म्हणाली, "मीच शिकोलं सगयाईले. हात देनं. मीच."

"मग देला नसता तर मायी नोकरी तेव्हाच गेली असती," मी म्हटलं.

"तुयी एकलीची गेली असती," ती म्हणाली. "अर्ध्या शेडची नसती गेली."

मला ते लागलं. पण ती खरं बोलत होती आणि आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

पुढचा हंगाम लागायच्या आधी आत्यानं राहिलेल्या सगळ्या बायांना आमच्या अंगणात बोलावलं. कुणबीण बाईही त्यात होती. तिच्या जोडीची बाई स्वतःहून माहेरी निघून गेली होती, म्हणून ही राहिली. आत्यानं सांगितलं, आता हात देणं बंद. कोणी पदर झटकला तरी शेजारणीनं सरकायचं नाही. रेचे बंद पडू द्या. "त्याले दिसू द्या का बाईबिगर रेचा फिरत नाई. आपन सरकलो का तो तीन तीन देईन एकेकीले." बायांनी मान्य केलं. कुणबीण बाईनंही केलं. सगळ्यांना पटण्यासारखंच होतं ते.

मला त्या हंगामात रोजंदारी मिळाली, त्याच जिनात. गंजीवरचा कापूस टोपल्यात भरून रेच्यांपर्यंत आणून टाकायचा. रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं, मुकादमानं बोट दाखवलं तर आत. जिथं माझा रेचा होता तिथं मी टोपलं रिकामं करी आणि आत्या तो कापूस उचली. आम्ही एकमेकींकडं पाहत नसू. काम करताना पाहायला वेळही नसे.

पौषात वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली. कुणबीण बाईचा धाकटा, तोच पाळणाघरातला रडका, आता तीन-चार वर्षांचा, तापानं फणफणला होता. त्याला म्हाताऱ्या सासऱ्याजवळ ठेवून ती कामावर आली. दुपारी तिचा थोरला धावत शेडच्या दारात आला. आत येऊ दिलं नाही. तो दारातूनच आईला हातानं बोलावत होता, आणि रडत होता, म्हणजे घरी काय झालं असेल ते कोणालाही समजलं असतं.

मी टोपलं घेऊन तिथंच होते. बाईनं दाराकडं पाहिलं. मग तिनं पदराचं टोक धरलं आणि आत्याच्या बाजूला झटकलं. आत्याचे डोळे समोर. बाईनं पुन्हा झटकलं. आत्यानं मूठ भरली, रुळाला दिली, पुन्हा मूठ भरली. बाई तिसऱ्यांदा झटकायला थांबली नाही. रेचे तसेच टाकून ती दाराकडं धावली.

तिचे दोन्ही रेचे रिकामे फिरू लागले. मी टोपलं टाकून पुढं झाले आणि कापूस उचलला, तर मुकादमानं माझा दंड धरला. "तू रोजाची हायेस. रेच्याले हात लावला त उद्या फाटक दिसन नाई," तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, त्याचीही नोकरी टांगणीला होती. त्यानं पट्टा काढला. दोन रेचे बंद पडले, सगळ्या शेडमध्ये तेवढे दोनच. आत्यानं ठरवलं होतं तसं अगदी झालं.

मॅनेजर आला, उभा राहिला, बंद रेचे बघितले. मग त्यानं मुकादमाकडं पाहिलं.

बाईचं पोर वाचलं. त्या संध्याकाळी काम सुटल्यावर ती फाटकाशी उभी होती, पोर खांद्यावर टाकलेलं, शालीत गुंडाळलेलं. तिला मुकादमानं सांगून झालं होतं की उद्यापासून येऊ नको. ती आत्यासमोर आली. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुह्या सुनीसाठी म्या हात देल्ला होता," ती म्हणाली.

"म्हूनच तर ते घरी बसली," आत्या म्हणाली. "म्हूनच नाई देल्ला तुले. तुया रेचा तुयाच राहावा म्हून."

"राह्यला का मंग?"

बाईनं पोराच्या डोक्यावरची शाल नीट केली आणि रस्त्यानं निघून गेली. मी तिच्या मागं थोडी चालले, हाक मारली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टोपलं घेऊन आत गेले तेव्हा मॅनेजर आत्याशेजारी उभा होता. बाईच्या जागेवर कोणी आणलं नव्हतं. त्यानं तिच्या दोन रेच्यांपैकी अलीकडचा आत्याला दाखवला आणि पलीकडचा पुढच्या बाईला. "जमेल ना?" त्यानं अदबीनं विचारलं. जो रेचा आपला होऊ नये म्हणून आत्यानं हात आवरला होता, तो एका बोटानं तिचा झाला.

त्या संध्याकाळी मी तिच्या हातांना तेल लावत होते. मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. मी म्हटलं, "आत्या, सोडून दे. नोको करू. मी रोजानं जातो, तुया पोराचा पगार येते सडकेवरचा कधीमधी. कसंबी भागन."

"म्या सोडला त तो काय रेचे बंद ठेवीन?" ती म्हणाली. "तिकडचीले चार देईन."

ती गेली. तीन रेच्यांपुढं इकडून तिकडं सरकत राही, दिवसभर, कोणाकडंही न पाहता, आणि मी कापूस आणून टाकत राही. पदर कोणीच झटकत नव्हतं आता. झटकून कोणाला सांगायचं, शेजारीण इतक्या लांब उभी असे. बाईची मला कधी भेट झाली नाही. कोणी म्हणे गावाकडं गेली, कोणी म्हणे दुसऱ्या जिनात लागली. होळी आली, कापूस संपला. मॅनेजरनं सगळ्यांना गूळ वाटला आणि सांगितलं, बाईचं पोर आजारी पडलं तो दिवस सोडला तर या हंगामात एकही रेचा थांबला नाही.